मागचा बोल्ट

डेल्फिन बिएलाकचे हात इतके लहान होते की लग्नाची अंगठी घेताना दुकानदाराने शेवटी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या लहान मुलींसाठी ठेवलेला ट्रे बाहेर काढला. या हातांवरून माहेरी तिने पुष्कळ ऐकून घेतले. तिचे वडील खाटीक. डेट्रॉइट नदीच्या काठावर, पोलिश वस्तीत त्यांचे दुकान होते. तिथे सॉसेज भरायला, हाडे फोडायला दणकट हात लागत आणि या पोरीच्या मुठीत सुरीसुद्धा नीट मावत नसे. "हात कसले, चिमणीचे पाय आहेत," असे तिची आजी, बुशा, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून म्हणे. पिएरोगीच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या, कडा दाबताना मात्र तिची बोटे अशी काही चालत, की बुशाही गप्प बसून बघत राही.

याच हातांवरून तिचे लग्न जमले. दुकानामागच्या अंगणात एक उंच, लाजाळू पोरगा गाडीच्या बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरून पोलिशमध्ये शिव्या घालत होता. इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या फटीत त्याचा बोल्ट पडला होता. डेल्फिनने बाही वर सारली, हात आत घातला आणि बोल्ट काढून त्याच्या तळहातावर ठेवला. पोरगा बोल्टकडे बघेना, तिच्या हाताकडेच बघत राहिला.

"हा हात मला अधूनमधून लागेल," तो म्हणाला.

"माझ्याशिवाय तो कुठे जात नाही," डेल्फिन म्हणाली.

तो नॉर्बर्ट. पोटासाठी त्याने आयुष्यभर कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकले, त्या धडधडाटात कानही अर्धे घालवले. पण गावात त्याचे नाव झाले ते हेडर बसवण्याने. जुन्या दणकट गाड्यांच्या इंजिनातून जळका धूर बाहेर काढायला कंपनी ओतीव लोखंडाचा एक जाडजूड ठोकळा देते. तो काढून दर सिलिंडरला वेगळी, लांब, वळणावळणाची पोलादी नळी लावायची, ते हेडर. गाडी मोकळा श्वास घेते, जोर वाढतो आणि आवाज असा होतो की बायका खिडक्या लावून घेतात आणि पुरुष उघडतात. पण त्या गाड्यांच्या पोटात जागा नसते. एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासते, दुसरी चौकटीला अडते. हेडर विकत कुणीही घेईल. बसवायची वेळ आली की सगळे बिएलाकांच्या गॅरेजपुढे रांग लावत.

नॉर्बर्ट गाडीखाली आडवा, डेल्फिन वर मडगार्डवर जुनी गोधडी टाकून पालथी, आणि तिचा हात खाली इंजिनाच्या कडेने आत. सगळ्यात मागचा बोल्ट डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो बोटांनीच चाचपून भोकात धरायचा, पहिले दोन फेरे हातानेच द्यायचे. तेवढे झाले की नॉर्बर्टचा पाना खालून पुढचे बघे.

"लागला?" खालून आवाज येई.

"लागला," ही वरून सांगे.

एवढेच बोलणे. पण त्या दोन शब्दांच्या मध्ये डेल्फिनने त्याच्या किती चुका धरल्या असतील याला गणती नाही. "अरे थांब, पॅकिंग उलटं आहे." "नॉर्ब, ही वायर नळीला टेकतेय, जळेल." दुसऱ्या कुणी सांगितले असते तर नॉर्बर्टने पाना फेकला असता. तिचे तो मुकाट ऐके. रेनी, त्यांची मुलगी, लहानपणी म्हणायची की आईबाबांचे भांडण स्वयंपाकघरात होते आणि समेट बॉनेटखाली.

आता 'बाळा'विषयी सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळायचे नाही.

गावातल्या जुन्या गाडीवाल्यांचे एक मंडळ होते. फार वर्षांपूर्वी त्यातल्या स्टॅश नावाच्या एकाने मोठ्या ऐटीत स्वतः हेडर बसवले, सगळे बोल्ट आवळले, चार मित्रांना बोलावून किल्ली फिरवली, आणि गाडी ढिम्म. स्टार्टर, म्हणजे किल्लीसरशी इंजिनाला पहिला झटका देणारी ती जड मोटर, टेबलावरच राहिली होती. त्या गाड्यांत हेडर सैल लोंबत असतानाच स्टार्टर वर चढवावा लागतो. नळ्या एकदा आवळल्या की त्याची वाट बंद; सगळे पुन्हा उतरवायचे. त्या दिवसापासून एक जळका स्टार्टर सोनेरी रंगवून, लाकडी बैठकीवर बसवून, मंडळाने बक्षीस केला. वर्षभरात जो सर्वांत मोठा मूर्खपणा करील त्याला सप्टेंबरात, लेबर डेच्या सुट्टीच्या सहलीत तो मिळे. तान्ह्या पोरासारखा दुपट्यात गुंडाळून हातात देत, म्हणून त्याचे नाव बाळ. ज्याला मिळे त्याने सगळ्यांपुढे उभे राहून आपली चूक साद्यंत सांगायची आणि बाळ वर्षभर दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल असे ठेवायचे.

त्याच्यावरची धूळ पुसायची कोणी, हे मंडळाने ठरवले नव्हते. पण कोण पुसते ते सगळ्या बायकांना ठाऊक होते. शेजारच्या लाइल हॅचरची बायको तर जिवंत होती तोवर रडकुंडीला येई, कारण लाइलकडे बाळ सारखे मुक्कामाला. डेल्फिनने ते कधी पुसले नव्हते. त्याचा तिला, चर्चमध्ये पाप म्हणून कबूल करण्याइतका, गर्व होता.

गेल्या हिवाळ्यापासून घरात काहीतरी सरकत चालले होते. दुधाची बाटली भांड्यांच्या कपाटात सापडली. नॉर्बर्टने कुत्रीला दोनदा तिच्या आधीच्या, मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारली. चर्चमधून येताना एका रविवारी तो आपल्या वळणावरून सरळ पुढे गेला आणि नदी दिसल्यावर म्हणाला, "जरा पाणी बघू म्हटलं." पाणी खरेच छान दिसत होते.

स्मरण तपासायला डॉक्टरांनी कागद दिला आणि घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. नॉर्बर्टने गाडीतले, इंजिनाचे फेरे दाखवणारे घड्याळ काढले, लाल रेघेसकट. तो हसला. डॉक्टर हसले नाहीत. गंमत होती की आकडे आठवले नव्हते, हे डेल्फिनला आजतागायत कळलेले नाही.

रेनी टोलीडोला असते, एका दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते; असले म्हातारे आणि त्यांच्या बायका ती रोज बघते. जुलैत ती आली आणि भांडी पुसता पुसता आईला म्हणाली, "मा, गाडीच्या किल्ल्या काढून घ्यायला हव्यात."

"तुझे बाबा बिनगाडीचे काय करतील?"

"कुणाला उडवलं तर काय करतील?"

डेल्फिन ताटली पुसत राहिली. ती केव्हाची कोरडी झाली होती.

"बरं, असं करू," रेनी म्हणाली. "बाबा स्वतःच्या प्लिमथला हेडर बसवणारेत ना? हे काम त्यांना झोपेत येतं. तू नेहमीसारखी मदतीला जा. पण मा, तू आठवण करून देऊ नकोस. तू काय करतेस माहितीये? त्यांचं वाक्य तू पुरं करतेस, त्यांचा चष्मा तू शोधतेस, आणि मग सगळे म्हणतात, बिएलाक किती ठणठणीत! एकदा तरी त्यांचं त्यांना करू दे. नीट झालं तर मी वर्षभर तोंड उघडणार नाही. नाही झालं तर तू मला सांगायचंस. कबूल?"

"कबूल," डेल्फिन म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आले की ती नवऱ्याची परीक्षा घ्यायला तयार झाली होती.

ती प्लिमथ एकोणसत्तरची, पिकल्या लिंबाच्या सालीच्या रंगाची. आख्ख्या गावाला हेडर बसवले तरी नॉर्बर्टने स्वतःच्या गाडीला कंपनीचे ओतीव लोखंडच ठेवले होते. हेडरचा खोका मात्र गॅरेजच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेला. हिवाळ्यात ते लोखंड तडकले, गाडी थंडीत टिकटिक करू लागली. नॉर्बर्टला ती टिकटिक ऐकू येत नव्हती, डेल्फिनने सांगितली. "मग आता तो खोका उतरवू," तो म्हणाला. आवाजात असा आनंद, की जणू तडा जायची वाटच बघत होता.

ऑगस्टातल्या शनिवारी गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, चढली. गॅरेजचे दार सताड उघडे, रेडिओवर बेसबॉलचा सामना. गंजलेले जुने बोल्ट निघता निघेनात. नॉर्बर्टने एकेकाला दिव्याच्या ज्योतीने तापवले आणि वर मेण टेकवले. मेण वितळून आट्यांत उतरते आणि बोल्ट सुटतो. डेल्फिन जवळ गेली तर त्याच्या हातात तिची ग्रोमनित्सा, चर्चमधून मंतरून आणलेली, वादळात आणि मरणाऱ्याच्या उशाशी लावायची मेणबत्ती.

"नॉर्ब! ती कुठून काढलीस?"

"खणातून."

"ती मरणाऱ्यासाठी असते!"

"मग बरोबर आहे," त्याने बोल्टकडे मान केली. "याचा जीव जातच नाहीये बघ."

डेल्फिन हसली. हसताना तिच्या मनात आले, हे विसरणे आहे का थट्टा? असेच चालले होते हल्ली. त्याच्या प्रत्येक विनोदाला ती आधी उलटून बघे, खालून काही निघते का म्हणून.

पण हात काय चालत होते त्याचे! जुने लोखंड उतरले. स्टिअरिंगचा दांडा सुटून बाजूला गेला. स्टार्टर काढून, पुसून, वायरींच्या टोकांना पट्टी गुंडाळून, नॉर्बर्टने तो टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला. उजव्या बाजूचे हेडर जेवायच्या आधी बसले. डेल्फिनला वाटले, आता रेनीला फोन करावा आणि म्हणावे, ये आणि बघ.

जेवणानंतर ती लिंबूपाण्याचे ग्लास घेऊन गॅरेजमध्ये आली. नॉर्बर्ट डाव्या हेडरखाली आडवा होता. नळ्यांचा झुबका त्याने खालून वर सरकवला होता आणि पुढचे बोल्ट हाताने अडकवत होता. तिने ट्रे टेबलावर टेकवला. शेजारी स्टार्टर होता.

आधी तिला वाटले, आता मागेल. खालून हात बाहेर येईल आणि म्हणेल, दे तो. ती उभी राहिली. रेडिओवर कुणीतरी झेल सोडला आणि लोक ओरडले.

"डेल्फिन! आहेस का?"

"आहे."

"हात दे. मागचा."

ती गोधडीवर पालथी झाली. हात आत घातला. बोल्ट तिच्या बोटांत होता, भोक बोटाखाली होते. आजवर हजार वेळा तिने याच जागी थांबून 'अरे, थांब' म्हटले होते. ते शब्द तिच्या ओठांवर तयारच होते, सवयीने. तिने ते गिळले. वाटले, अजून वेळ आहे, त्याला आठवेल. वाटले, रेनीला कबूल केले आहे. आणि खोल कुठेतरी असेही वाटले की मलाच कळू दे एकदाचे. रात्रंदिवस हे उलटून बघणे आता होत नाही.

"लागला?" खालून आवाज आला.

तिने बोल्टाला फेरा दिला. मग दुसरा.

"लागला," ती म्हणाली.

पाना फिरू लागला. एकामागून एक बोल्ट आवळले गेले आणि ती तिथेच गोधडीवर गाल टेकून पडून राहिली.

संध्याकाळी लाइल बिअर घेऊन आला. लाइल मूळचा केंटकीचा, सत्तरी उलटली तरी बोलणे तिकडचेच लांबट. "काय म्हातारबा, झालं का बाळंतपण?"

"झालं. ऐक आता," नॉर्बर्ट म्हणाला. बॅटरी जोडली, स्टिअरिंगमागे बसला, दोघांकडे बघून भुवया उडवल्या आणि किल्ली फिरवली.

काहीच नाही. साधा टक् सुद्धा नाही.

त्याने पुन्हा फिरवली. उतरून बॅटरीच्या तारा हलवल्या, पुन्हा बसला, पुन्हा फिरवली. लाइल बिअर ठेवायला टेबलापाशी गेला आणि तिथेच थबकला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"नॉर्ब," तो म्हणाला, "तू गाडीला हाका मारतोयस, पण तिला उठवणारा इथे वर्तमानपत्र वाचत बसलाय."

आणि लाइल असा हसत सुटला की त्याला खाली बसावे लागले. "बाळ! अरे देवा, बाळ शेवटी बिएलाकांच्या घरी! इतकी वर्षं लेका, इतकी वर्षं तू माझी टर उडवलीस!" हसता हसताच तो फोनवर एकेकाला सांगू लागला.

नॉर्बर्ट गाडीतून उतरला. स्टार्टरकडे बघितले. त्याच्या शेजारी लिंबूपाण्याचे दोन भरलेले ग्लास तसेच होते, बर्फ केव्हाच वितळलेला, आणि वर्तमानपत्रावर त्यांची ओली वर्तुळे पार स्टार्टरच्या बुडापर्यंत पसरलेली. त्याने ती वर्तुळे बघितली. मग डेल्फिनच्या हातांकडे बघितले. मग तोही हसला, लाइलपेक्षा मोठ्याने.

लाइल गेल्यावर त्याने गॅरेजचे दार खाली ओढले.

"तू बघितला होतास," तो म्हणाला.

डेल्फिन मडगार्डवरच्या गोधडीची घडी घालू लागली.

"ग्लास त्याच्या शेजारी ठेवलेस. बघितला होतास, आणि तरी मागचा बोल्ट लावलास."

"रेनी म्हणाली…" ती म्हणाली, आणि मग सगळे सांगून टाकले. किल्ल्या, टोलीडो, कबूल केलेले.

नॉर्बर्ट ऐकत राहिला. ज्या कानाने ऐकू येते तो त्याने तिच्याकडे केला होता. "म्हणजे परीक्षा चालली होती," तो शेवटी म्हणाला. "आणि सगळ्यांना माहीत होतं, बसणाऱ्याला सोडून."

"नॉर्ब, मला फक्त कळायचं होतं…"

"मला कळतं, डेल्फिन. तू समजतेस मला कळत नाही? नदी बघायला गेलो होतो का मी? रस्ता गेला होता." त्याने डोक्याकडे बोट केले नाही, हवेत कुठेतरी केले. "रोज काहीतरी जातं. मी म्हणायचो, जाऊ दे, ती आहे ना. बॉनेटखाली घुसलो की ती आहे. ती मला चुकीचं आवळू देणार नाही." तो थांबला. "आज तू आवळू दिलंस."

लाइल काय म्हणतो, रेनी काय म्हणते, यातले काहीच डेल्फिनला त्या वेळी आठवले नाही. तिने हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. टेबलावरचे ग्लास उचलले आणि सिंकमध्ये ओतायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर डावे हेडर पुन्हा उतरले. चेपलेले पॅकिंग फेकून नवे घातले. या वेळी स्टार्टर आधी गेला. डेल्फिनने मागचा बोल्ट लावला. "लागला?" त्याने विचारले नाही. तिने आपणहून सांगितले, "लागला." खालून नुसता पाना फिरू लागला. किल्लीसरशी गाडी सुरू झाली आणि गॅरेजच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. जिच्यासाठी एवढी वर्षे खोका टांगून ठेवला ती गर्जना ऐकताना नॉर्बर्टचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या गाडीपुढे उभे राहिल्यासारखा होता.

डेल्फिनने रेनीला फोन केलाच नाही. दोनदा आकडे दाबले आणि ठेवून दिला. काय सांगायचे? चूक तर लाइलही करतो, स्टॅशनेही केली होती. तीच चूक, अगदी तीच. त्यांना बाळ मिळते. नॉर्बर्टच्या मात्र किल्ल्या जातात.

लेबर डेला नदीकाठच्या बागेत मंडळाची सहल भरली. गाड्या ओळीने उभ्या, बॉनेट उघडी. भट्टीवर कील्बासा सॉसेज, डेल्फिनने आणलेले कोबीचे पिएरोगी, लाइलचे कुणीच न खाल्लेले बटाट्याचे सॅलड. रेनीही आली. तिला लाइलने पहिल्याच पाच मिनिटांत गाठून सगळी कथा हातवारे करून ऐकवली. मग ती आईपाशी आली. तिचा चेहरा मोकळा झालेला.

"मा, एवढंच होतं? लाइल म्हणतो, प्रत्येकाकडून एकदा होतंच. मी उगाच घाबरले का गं?"

इथे डेल्फिनने 'हो' म्हटले असते तर सगळे मिटले असते. रेनीला हवे होते, डेल्फिनला तर किती हवे होते. तिने पिएरोगीच्या भांड्यावरचे फडके सारखे केले.

"बाबांनाच विचार," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर. मी आता त्यांच्यामागे काही बोलणार नाही."

तेवढ्यात भोंगे वाजू लागले. लाइलने निळ्या दुपट्यातले सोनेरी बाळ आणून नॉर्बर्टच्या हातांत दिले. "कबुली! कबुली!" लोक ओरडले.

नॉर्बर्ट टेबलावर चढला नाही, खालीच उभा राहिला. बाळ छातीशी धरून त्याने सगळे रीतसर सांगितले: मेण, ग्रोमनित्सा, उजवी बाजू, डावी बाजू. लोक पोट धरून हसत होते. "आणि बायको काय करत होती?" कुणीतरी ओरडले.

"बायकोने बघितलं होतं," नॉर्बर्ट म्हणाला.

"अर्धं बाळ बायकोला!" एकच गिल्ला झाला. डेल्फिनने खाली मान घातली.

"ऐका," नॉर्बर्ट म्हणाला. हसणे लगेच थांबले नाही, म्हणून तो थांबला. "तुमच्यापैकी कुणाला हेडर बसवायचं असेल तर आता लाइलकडे जा." पुन्हा हशा, लाइलने कमरेत वाकून नमस्कार केला. नॉर्बर्ट हसला नाही. "खरंच सांगतोय," तो म्हणाला, पण त्या गलक्यात ते फार थोड्यांनी ऐकले. रेनीने ऐकले. तिने आईचा दंड धरला आणि सोडला नाही.

ऊन कलल्यावर गाड्या एकेक निघाल्या. नॉर्बर्ट प्लिमथपाशी आला, बाळ अजून काखेत. चालकाच्या दारापाशी आला आणि उभा राहिला. मग गाडीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, दार उघडले आणि बसला. बाळ मांडीवर घेतले, दुपटे नीट केले.

"हे कुणीतरी धरायला हवं," तो समोर बघत म्हणाला. "सीटवरून पडेल. तू चालव."

डेल्फिनने ती गाडी कधी चालवली नव्हती. वडिलांच्या दुकानाच्या ट्रकवर गिअर शिकली होती, त्यालाही जन्म लोटला. सीट पुढे ओढूनही तिचा पाय क्लचपर्यंत जेमतेम पोचत होता. किल्ली त्याने खिशातून काढून तिच्या हातात ठेवली. तिच्या बोटांवर त्याची बोटे जराशी रेंगाळली, गॅरेजनंतर पहिल्यांदाच.

गाडी गर्जली. रेनी आपल्या गाडीपाशी उभी राहून दोन्ही हातांनी कान झाकत होती, की तोंड, ते आरशात नीट दिसले नाही.

पहिल्या सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली. मागच्याने भोंगा वाजवला. नॉर्बर्टने गिअरच्या दांड्यावर तिच्या हातावर हात ठेवून पहिला गिअर कुठे आहे ते दाखवले. दुकानांची रांग मागे पडली. मग चर्चचा मनोरा आला आणि त्यापुढचा चौक.

"डावीकडे घे," नॉर्बर्ट म्हणाला.

डावीकडे त्यांचे जुने घर होते, रेनीच्या जन्माआधीचे, भाड्याचे. तिथे आता गाड्या धुण्याचे दुकान आहे.

डेल्फिनचा पाय ब्रेकवर गेला. मागून पुन्हा भोंगा. ती त्या कानाकडे वळली, ज्याने ऐकू येते.

"नाही, नॉर्ब. आपलं घर उजवीकडे आहे."

तो थोडा वेळ डावीकडच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"उजवीकडे?"

"उजवीकडे."

"बरं झालं सांगितलंस," नॉर्बर्ट म्हणाला आणि मांडीवरचे बाळ वळणावर घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला.